आमची रेसलिंगची कंपनी बंद झाली, त्याचा हिशेब

आमची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, अधिकृतपणे बंद झाली. जून २०२२ मध्ये काढली, ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, मधे सहा शो ठरवले, त्यातले पाच झाले. इंडिपेंडंट प्रो रेसलिंग, म्हणजे टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूईवाले करतात तेच, पण छोट्या हॉलमध्ये आणि आपली पोरं घेऊन. बंद करायची वेळ आली तेव्हा मी मराठीत खूप शोधलं, की कुणी लिहिलंय का, एवढे पैसे गेले, हे फॉर्म भरले, इथे चुकलं. काहीच मिळालं नाही. म्हणून आता सगळं क्रमाने लिहितोय. आकडे माझ्या वहीतले आहेत.

माझे आजोबा कोल्हापूरचे, खासबागेत कुस्त्या बघत मोठे झालेले. नोकरीसाठी काही वर्षं मुंबईत होते तेव्हा वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँगची फ्रीस्टाइलही बघून आले होते, आणि ती कुस्ती नव्हे, पण बघायला मजा यायची एवढं मान्य करायचे. मी टेन स्पोर्ट्स आणि रेसलिंगचे पत्ते यांच्यावर वाढलो. इंजिनिअरिंगला असताना डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात बालेवाडीला 'रिंग का किंग' या रेसलिंगच्या टीव्ही कार्यक्रमाचं शूटिंग झालं, अमेरिकेच्या टीएनए कंपनीने केलं होतं ते, मी आणि माझा मित्र दोघं जाऊन आलो. पैलवान पाठीवर पडला की प्लायवूडचा जो आवाज येतो तो मी तिथे पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकला. तो कार्यक्रम कलर्सवर २६ भाग चालला, दुसरा सीझन आलाच नाही. आम्हाला तेव्हा फक्त रिंग दिसली, तिच्यामागे उभा असलेला चॅनेलचा पैसा दिसला नाही. हे नीट कळायला मला बारा वर्षं लागली.

तोच मित्र पुढे पंजाबात जाऊन ट्रेनिंग घेऊन आला आणि २०२२ला आम्ही दोघांनी सहा-सहा लाख घालून एलएलपी काढली. रजिस्ट्रेशनला सीएच्या फीसकट ९,५०० गेले. प्रायव्हेट लिमिटेड काढू नका असं आमच्या सीए मॅडम ठामपणे म्हणाल्या होत्या, ऑडिटचा खर्च वाचतो आणि बंद करायला सोपं जातं म्हणून. सुरू करतानाच बंद करायचं काय बोलताय असं मला तेव्हा वाटलं होतं. आता त्यांचे आभार मानतो. एक टीप इथेच देतो, पार्टनरशिपचा करार फॉर्म ३ मधून ३० दिवसांत भरायचा असतो, नाहीतर जितका उशीर तितकी वाढत जाणारी जादा फी लागते.

रिंग भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली, १६ बाय १६ फूट, २,८५,००० रुपये, पाच आठवडे. आठ प्लायवूडच्या शीट, त्यावर फोम, वर ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेला कॅनव्हास. दोर म्हणजे स्टीलची वायर, तिच्यावर पाण्याचा पाइप चढवून वरून टेप. पहिली रिंग इतकी कडक झाली की मित्राने पहिला बंप घेतला, म्हणजे पाठीवर पडून बघितलं, आणि मिनिटभर त्याचा श्वासच परतला नाही, मी घाबरून पाणी आणायला पळालो. फॅब्रिकेटर बिचारा म्हणाला, साहेब मी मजबूत करून दिली. त्याला समजावायला लागलं की ही मजबूत पाहिजे पण थोडी दबलीही पाहिजे. मधले लोखंडी चॅनेल बदलले मग. शीटवर नंबर माझ्या बायकोने लाल मार्करने घातले, १ ते ८, म्हणजे लावताना गोंधळ नको.

आणि रिंग ठेवायची कुठे, हा विचार आम्ही ती तयार झाल्यावर केला. चिखलीत गाळा घेतला, महिना ९,०००. शो असो नसो, गाळ्याचं भाडं जातंच. २६ महिन्यांचे झाले २,३४,००० रुपये. कुणी हे करणार असेल तर पहिले चार शो भाड्याच्या रिंगवर करा, बॉक्सिंगची रिंग मात्र चालत नाही, ती फार कडक असते आणि दोर चार असतात.

परवानगीचा अर्ज नोव्हेंबरात केला. पहिलाच प्रश्न आला, ही कुस्ती आहे की करमणुकीचा कार्यक्रम? कुस्ती लिहिलं तर कुठली संघटना, पंच कोण, गट कुठले. कार्यक्रम लिहिलं तर संहिता आहे का, किती कलाकार, संगीताचं लायसन्स. तीन ऑफिसं, पाच चकरा, साधारण सहा आठवडे. शेवटी आम्ही करमणुकीचा कार्यक्रम असंच लिहिलं, खरं तेच आहे. तुम्हीही सगळीकडे एकच लिहा, अर्जात एक, विम्यात दुसरं, तिकिटावर तिसरं असं करू नका, पुढे ते अंगाशी येतं. तिकिटाचंही सांगतो. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ होता, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणून आमची बहुतेक तिकिटं २९९ नाहीतर ४९९.

पहिला शो ७ जानेवारी २०२३, मंगल कार्यालयात. पौष महिना, लग्नं नाहीत, हॉल निम्म्या भाड्यात मिळाला. ही युक्ती खरंच चांगली आहे. १८० तिकिटं विकली गेली, ९० जण पासवर, गेट, म्हणजे तिकिटांचे पैसे, ५३,८२०, खर्च १,९०,०००. पहिलाच शो आहे, होतं असं म्हणून आम्ही खूशच होतो. लहान पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, शो संपल्यावर रिंगला हात लावून बघत होती, त्या आनंदापुढे १,३६,००० काहीच वाटले नाहीत.

त्यानंतर मे महिन्यात जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माझ्या मामाचं गाव वाळवा तालुक्यात, मामा जत्रेच्या कमिटीत. मी त्याला मदत मागायला गेलो होतो, गावाकडे तिकीट लावून शो करता येईल का म्हणून. मामा म्हणाला, "तिकीट लावून कोण बघंल रं? कुस्तीला देणगीदार लागतो, बघणारा फुकाटच असतोय." आणि खरंय ते. जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती अमक्याकडून, दोन नंबरची तमक्याकडून, जोड लागायच्या आधी निवेदक देणगीदाराचं नाव माइकवरून घेतो, त्याला फेटा बांधतात, लोक उतारावर बसून चकटफू बघतात. पैसे कुस्ती व्हायच्या आधीच जमलेले असतात. मामाने मला तमाशाचंही सांगितलं. तंबू लावून तिकिटावर खेळ करायचा तर पाऊस आला की फड बुडतो, म्हणून फडवाले जत्रेची सुपारी घेतात, नारायणगावला राहुट्यांमध्ये बसून गावकऱ्यांशी ठरवतात, विसार आधी हातात. "तुमी पन सुपारी घ्या," मामा म्हणाला.

घेतली. १,२५,००० रुपये, निम्मे आधी. पहिल्या मॅचला म्हातारी माणसं "हे खोटं हाय" म्हणत उठून गेली, माझ्या पोटात खड्डा पडला. मग आमच्या हीलने, म्हणजे खलनायकाचं काम करणाऱ्या पैलवानाने, माइक घेतला आणि गावाला नको ते बोलला, तुमच्या गावात एक तरी मर्द आहे का वगैरे. वातावरण एकदम पालटलं. एका आजीने पायातली चप्पल काढून त्याला मारली. त्यानंतर आमचा मल्लखांब करणारा पोरगा आला, सातारा जिल्ह्यातला, दोरावरून कोलांटी घेऊन त्याने त्या हीलला पाडलं तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेतलं. उठून गेलेले म्हातारेही मागे उभे राहून बघत होते, मी पाहिलं. मॅच संपल्यावर आजी हीलकडे स्वतः आली आणि चप्पल मागून घेऊन गेली. खर्च १,०४,०००, शिल्लक २१,०००. तीन वर्षांत नफा झालेला हा एकमेव कार्यक्रम.

आणि तरी आम्ही तो रस्ता धरला नाही. आम्हाला आपला हॉल, आपलं नाव, आपलं पब्लिक पाहिजे होतं, सुपारी म्हणजे दुसऱ्याच्या मांडवात नाचणं असं मित्राला वाटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही. त्या वर्षी आणखी दोन गावांनी विचारलं होतं. आम्ही बघू म्हटलं.

ऑक्टोबरचा शो अर्धा भरला, १,२०,०००चा तोटा. मग आम्ही ठरवलं की मोठं नाव आणल्याशिवाय हॉल भरणार नाही.

२७ जानेवारी २०२४, पुन्हा पौष. एके काळी टीव्हीवर दिसलेला एक परदेशी पैलवान, मानधन २,५०० डॉलर, त्याच्या हातात पूर्ण. हे "हातात पूर्ण" मी ईमेलवर सहज कबूल केलं. सीए मॅडमना सांगितल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. परदेशी खेळाडू किंवा कलाकाराला पैसे देताना २० टक्के टीडीएस, सेस धरून २०.८, आणि त्याला पूर्ण द्यायचं कबूल केलंय म्हणजे तो कर आपल्या खिशातून, तोही वाढीव रकमेवर. २,०७,५०० त्याचे आणि ५४,५०० कर. शिवाय पैसे बाहेर पाठवायला इन्कम टॅक्सचा १५सीए फॉर्म भरावा लागला. कृपा करून कुठल्याही परदेशी पाहुण्याला आकडा कळवायच्या आधी सीएला फोन करा, कर धरून की वगळून हे ईमेलमध्ये लिहा.

शो हाऊसफुल्ल झाला. ६२० च्या ६२० खुर्च्या. बाहेर पोरं तिकीट मागत होती, मला रडू आवरत नव्हतं, आजोबा असायला हवे होते असं वाटलं. रात्री दोन वाजता रिंग खोलताना आम्ही पुढच्या शोला दीड हजारांचा हॉल घ्यायचं बोलत होतो.

हिशेब दहा दिवसांनी झाला, तिकीटवाल्यांचे पैसे यायला तेवढे दिवस लागतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी, मित्र आणि बायको. तिकिटांचे कमिशन जाऊन ३,३१,०००. टी-शर्ट २०० छापले, १४० गेले, छपाई वजा जाता २१,०००. एका प्रोटीनच्या दुकानाची जाहिरात ५०,०००, ते यायला मे उजाडला. एकूण ४,०२,०००. आता खर्च. हॉल ८५,०००, साउंड-लाइट ७०,०००, टेम्पो आणि हमाल २२,०००, चौदा पोरांचं मानधन ६२,०००, बाहेरगावच्यांची रेल्वे आणि राहणं २८,०००, डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स १२,०००, परवानग्या आणि संगीताचं लायसन्स ३१,०००, जनरेटर ११,०००, कॅमेरे ४०,०००, पोस्टर आणि इन्स्टाच्या जाहिराती ३५,०००, विमा १४,०००. झाले ४,१०,०००. आणि पाहुण्याचे मानधन, कर, विमान, हॉटेल मिळून ३,४७,५००.

३,५५,५०० चा तोटा.

बायकोने ती वही स्वतःकडे ओढली आणि पाहुण्याचा सगळा खर्च पेनने खोडला. मग म्हणाली, "आता बघ." ४,०२,००० आणि ४,१०,०००. पाहुणा आलाच नसता आणि हॉल तरीही शेवटच्या खुर्चीपर्यंत भरला असता, तरी आठ हजार कमीच पडत होते. गाळ्याचं भाडं त्यात धरलेलंच नाही. मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. तोपर्यंत आम्ही समजत होतो की लोक येत नाहीत म्हणून तोटा होतो. लोक आले होते. शो भरल्यावर आणखी खुर्ची घालता येत नाही, तिकीट ५०० च्या वर नेलं की जीएसटी आणि आमची कॉलेजची पोरं ते घेत नाहीत, आणि मोठा हॉल घेतला की साउंड, लाइट, बंदोबस्त, जाहिरात सगळंच त्याच्याबरोबर वाढतं. नुसत्या गेटवर हा धंदा उभाच राहत नाही. पोरांचं मानधन कापून मेळ बसला असता, पण २,५०० रुपयांत पाठीवर पडणाऱ्या पोराचं अजून काय कापणार?

मित्र त्या रात्री अमेरिकेतल्या ईसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीचं बोलत बसला होता. फिलाडेल्फियाच्या एका बिंगो हॉलमधून उभी राहिलेली कंपनी, लोक जीव टाकायचे तिच्यावर, १९९९ला देशभर टीव्हीवर आली, पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे भरून घरी टीव्हीवर बघायचे शो, चालू होते. ऑक्टोबर २००० मध्ये टीव्हीचा शो गेला, पे-पर-व्ह्यूचे पैसे अडकले, आणि एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरी. पैलवानांचेच पगार थकले होते. शेवटपर्यंत प्रेक्षक मात्र तिच्या नावाने ओरडत होते. हे आम्हाला वर्षानुवर्षं पाठ होतं, दोघांनाही. त्या टेबलावर बसेपर्यंत आम्ही ते फक्त रेसलिंगचा इतिहास म्हणून सांगायचो.

पुढचा शो २० एप्रिलला ठरवला होता. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, पुण्याचं मतदान १३ मेला, बंदोबस्त तिकडे, परवानगी मिळाली नाही. हॉलची निम्मी अनामत, पोस्टर, रेल्वेची तिकिटं, ६५,००० गेले. निवडणुकीच्या वर्षात तारीख घेताना अनामत परतीची अट लिहून घ्या, तोंडी नको.

१५ जून २०२४चा शो शेवटचा ठरेल हे माहीत नव्हतं. तिसऱ्या मॅचमध्ये तो मल्लखांबवाला पोरगा वरच्या दोरावरून चुकीचा उतरला आणि कॉलरबोन मोडलं. रिंगमध्ये पंचाने हाताने खूण केली तेव्हा पब्लिकला तो गोष्टीचाच भाग वाटला, ते ओरडत राहिले. हॉस्पिटलात मी विम्याचे कागद काढून वाचले. प्रेक्षकाला काही झालं तर विमा होता, रिंगमध्ये उतरणाऱ्याला नाही, सातव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी सही करताना सातव्या पानापर्यंत गेलोच नव्हतो. प्रत्येक पोराचा अपघात विमा वेगळा काढा, आणि स्टंटचं काम करतो हे विमा कंपनीला लेखी कळवून काढा, लपवलं तर उपयोग नाही. ऑपरेशनला १,३५,००० लागले, आम्ही भरले. दुसऱ्या दिवशी त्याची आई गावाहून आली, माझ्यासाठीपण डब्यात भाकरी आणि पिठलं घेऊन. "तुमी जेवला नसाल," म्हणाल्या. एक वाकडा शब्द नाही. मला घास गिळवेना.

ऑगस्टमध्ये थांबायचं ठरवलं. मित्र दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही, त्याचं तर सगळं आयुष्यच त्यात होतं, माझी चाकणची नोकरी तरी होती. पण बंद करायचं तर कुणाचंही देणं ठेवून नाही, यावर दोघांचं एकमत होतं. सप्टेंबरमध्ये यादी केली, सतरा नावं. आधी पोरं, मग टेम्पोवाला आणि हमाल, मग साउंडवाला. बायकोने पाटल्या काढून दिल्या, २,५०,००० चं गोल्ड लोन. प्रत्येकाला स्वतः फोन केला, तारखा सांगितल्या. फोन करायच्या आधी छातीत धडधडायचं, पण बहुतेकांनी समजून घेतलं, फोन न उचलणाऱ्यापेक्षा हप्त्याने देणारा त्यांना चालतो. मार्च २०२५ला शेवटचं देणं फिटलं. रिंग एका एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) जिमला १,१०,०००ला विकली, मी लावायला गेलो होतो, आठही नंबर अजून स्पष्ट दिसत होते.

आता कागदाचं. जीएसटी आधी रद्द करा. आमचा अर्ज करताना सीए मॅडमच्या लक्षात आलं की परदेशी पैलवानाच्या मानधनावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच कर भरायच्या नियमाने, १८ टक्के जीएसटी आम्हीच भरायचा होता. आधीच्या रिटर्नवाल्याने तो सोडला होता. ४७,००० आणि व्याज, सगळे ५३,५०० भरले. म्हणजे त्या हाऊसफुल्ल शोचा तोटा चार लाखांच्या वर गेला. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

एलएलपीचं नाव सरकारी नोंदणीतून काढून टाकायचा फॉर्म २४, पण त्यासाठी किमान एक वर्ष धंदा बंद असायला लागतो. म्हणून जून २०२५पर्यंत थांबलो. थांबलो तरी त्या काळात मेअखेर फॉर्म ११ हे वार्षिक विवरण, ऑक्टोबरअखेर फॉर्म ८ हा हिशेबाचा, इन्कम टॅक्स रिटर्न, सगळं भरायचंच, शून्य असलं तरी. मित्राचं केवायसी राहिलं होतं, त्याचे ५,००० दंड. आणि एलएलपीचा तोटा आपल्या पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, तो तिथेच संपतो, मी उगाच आशा लावून बसलो होतो.

बँकेचं खातं बंद करायला दोघांची हजेरी, ठराव, उरलेले चेक, तीन चकरा, सहा आठवडे. खातं बंद झाल्याचं पत्र घेतल्याशिवाय परत येऊ नका. हिशेबाचं पत्रक फॉर्म भरायच्या आधीच्या ३० दिवसांतलं लागतं. आमचं पहिलं पत्रक वाया गेलं, कारण प्रतिज्ञापत्रावर मित्राचं नाव आधारप्रमाणे आणि पॅनवर वेगळं स्पेलिंग, ते दुरुस्त करेपर्यंत मुदत टळली. ४ ऑगस्टला फॉर्म गेला. सरकारी फी ५०० रुपये, पण दंड, सीए, नोटरी धरून बंद करायचाच खर्च ३०,००० च्या आसपास. मग महिनाभर साइटवर नोटीस, आणि १० ऑक्टोबरला ईमेल.

दोघांचे मिळून १५,७०,००० गेले, निम्मे माझे. साठ टी-शर्ट उरलेत, मामाच्या गावच्या तालमीत दिले. मल्लखांबवाल्या पोराचा खांदा बरा आहे, तो आता मल्लखांब शिकवतो.

गोल्ड लोनचा शेवटचा हप्ता १८ ऑक्टोबरला भरला, धनत्रयोदशी होती, बँकेत सोनं सोडवणाऱ्यांची रांग दारापर्यंत. नंबर यायला दीड तास लागला. बायकोने पाकीट तिथेच काउंटरवर उघडलं, पाटल्या हातात चढवल्या आणि रिकामं पाकीट माझ्याकडे दिलं, पावती जपून ठेव म्हणाली.